खांबाची बाजू

भुजंगराव परतूरकरांनी आयुष्याची पहिली पंचेचाळीस वर्षं कुणाकडेही काहीही न मागता काढली. पंगतीत भात संपला तरी ते पानाकडे बघत बसत. वाढप्याचं लक्ष गेलं तर ठीक, नाहीतर ताक पिऊन उठत. आमच्या ऑफिसात त्यांच्या खुर्चीचा एक पाय आखूड होता. मी नोकरीला लागलो त्याच्या आधीपासून ती तशीच डुगडुगत होती आणि त्यांनी दुसरी मागितली नव्हती. "कशाला कुणाला तकलीफ," असं म्हणायचे. हे वाक्य दिवसातून दहा वेळा तरी त्यांच्या तोंडून निघायचं आणि मला त्याचा फार राग यायचा.

हैदराबादच्या भूमापन खात्यात आम्ही दोघं नक्शानवीस होतो, म्हणजे नकाशे काढणारे. त्यांचं टेबल खिडकीशी, माझं त्यांच्या शेजारी. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, पण मला "वसंतराव" आणि "तुम्ही" म्हणायचे. हात असा की नदीची रेघ काढायला बसले की बाजूचे लोक बोलणं थांबवत. नकाशावर केसाएवढी चूक सापडली तर सगळा कागद पुन्हा काढत. मी घाईत असलो की माझ्याकडे न बघता म्हणत, "वसंतराव, शाई वाळू द्या."

असा हा माणूस दर सकाळी साडेपाचला अफझलगंजच्या मागे, मुसी नदीच्या काठावर, धोब्यांच्या आणि हमालांच्या पोरांना टेनिस शिकवत असे. फुकट.

टेनिस ते स्वतः कुठे शिकले हे मला कधी नीट कळलं नाही. आबिड्सच्या पलीकडे अफसरांचा एक क्लब होता. तिथल्या कोर्टांचा नकाशा काढायला ते तरुणपणी गेले होते आणि तिथल्या रहीमचाचांशी त्यांची दोस्ती झाली, एवढंच माहीत. रहीमचाचा क्लबात मार्कर होते, म्हणजे साहेबलोकांना खेळायला जोडीदार नसला की समोर उभं राहायचं आणि बाकी वेळ चेंडू-जाळी सांभाळायची. क्लबातून टाकून दिलेले चेंडू आणि तात तुटलेल्या रॅकेटी तेच आणून देत. भुजंगराव रात्री जेवण झाल्यावर रॅकेटीला तात ओढत बसत. कावेरीवहिनी म्हणत, "घरात मूलबाळ नाही तर लाकडं सजवतात." पण सकाळी फुटाणे-गुळाचा डबा त्याच भरून देत, आणि तो मुठीने नाही, पोरं मोजून भरत.

नदीकाठची ती जमीन त्यांना कशी मिळाली, तर न मागता. नगरपालिकेच्या एका इंजिनियरने हौसेने मंजूर करून दिली. रीतसर आयत आखून, शिक्का मारून. मुरूम पसरला, शेणाने सारवला, चुन्याच्या रेघा मारल्या. फी एकच होती. येताना प्रत्येकाने नदीवरून एक बादली पाणी आणायचं आणि कोर्टावर शिंपडायचं. ज्याची बादली अर्धी असेल त्याला ते रागवत नसत. स्वतः जाऊन उरलेली अर्धी आणत. त्यामुळे ते पोर दुसऱ्या दिवशी लाजून दोन बादल्या आणी.

मी पहिल्यांदा गेलो तो रविवारचा दिवस होता. भुजंगराव काळी टोपी घालून, पँट घोट्याच्या वर दुमडून जाळीपाशी उभे होते आणि गुण पुकारत होते. इंग्रजीत नाही, शून्याला सुद्धा 'सिफर'. "पंद्रा-सिफर! तीस-सिफर! बराबर!" आणि सगळ्यांना 'आप'. नाक पुसायची अक्कल नसलेल्या आठ वर्षांच्या पोराला, "आप जरा पीछे से दौड़िए, यूसुफमियाँ." हमालाच्या घरातलं ते पोर. त्याला बापाने सुद्धा कधी 'आप' म्हटलं नसेल. तो छाती काढून मागून धावला.

या पोरांचा खेळ पाहून आनंद व्हायचा, पण कधीकधी डोक्याला हात लावायची पाळीही यायची. एकदा पावसाळ्यानंतर चेंडू चिखलाने काळे झाले होते. तेव्हा चेंडू पांढरे असत. भुजंगराव नुसतं म्हणाले, "अरेरे, दिसत पण नाहीत आता." कुणाला काही सांगितलं नाही, अर्थातच. दुसऱ्या दिवशी धोब्यांच्या मुलींनी सगळेच्या सगळे चेंडू सोडा घालून भट्टीवर चढवले. साहेबांच्या चादरींबरोबर. वाळवून, टोपलीत रचून, वर फडकं झाकून आणून दिले. दुधासारखे पांढरे. पहिला चेंडू आपटला तो 'थप्प' करून जमिनीवरच बसला. दोनांची सालं निघाली. मी हसून हसून खाली बसलो. भुजंगरावांनी मात्र एक चेंडू उचलून नाकाशी नेला आणि गंभीरपणे म्हणाले, "खुशबू अच्छी है. आज हम सिर्फ हात घुमाना सीखेंगे." त्या दिवशी तासभर सगळी पोरं चेंडूविना रॅकेटी फिरवत होती. रहीमचाचांकडून नवे जुने चेंडू यायला तीन आठवडे लागले. मागितले असते तर दुसऱ्या दिवशी आले असते.

आणखी एक सवय सांगतो, कारण ती पुढे लागणार आहे. कोर्टाला रस्त्याच्या बाजूने कमरेएवढी भिंत होती. चेंडू तिच्यावरून गेला की पलीकडे अफझलगंजला जाणारे येणारे असत. हातगाडीवाले, वाचनालयात निघालेली मुलं, भाजी घेतलेल्या बायका. "जरा टाकता का," म्हटलं तर कुणीही टाकेल. पण भुजंगराव तोंड उघडत नसत. भिंतीला वळसा घालून, फाटकातून बाहेर पडून, लोकांच्या पायांतून वाकून चेंडू काढून आणत. एका सकाळी मी मोजलं, अकरा वेळा. मी म्हटलं, "अहो, हाक मारा की." तर म्हणाले, "लोक कामावर निघालेत वसंतराव. कशाला तकलीफ."

त्या पोरांत यादम्मा नावाची एक मुलगी होती. सोळा-सतरा वर्षांची, काटक, ओचा खोचून खेळायची. तिची आई लक्षम्मा ही धोबीघाटावरची मुख्य बाई. आवाज असा की पलीकडच्या काठावरची गाढवं कान टवकारत. यादम्माचा डाव्या हाताचा फटका पाहून रहीमचाचा म्हणाले होते, "ये बच्ची तो साहब लोगां को रुलाएगी." लहान पोरांना शिकवण्याचं अर्धं काम तीच करायची.

छप्पन्न साली राज्य मोडायचं ठरलं. भाषेप्रमाणे तुकडे होणार, मराठवाडा मुंबईकडे, कन्नड जिल्हे म्हैसूरकडे, तेलुगू आंध्राकडे. आमच्या खात्यात नकाशांचे तीन ढीग झाले. बिदर जिल्ह्याचा एकच नकाशा तिन्ही ढिगांना हवा होता म्हणून भुजंगरावांनी त्याच्या तीन नकला काढल्या आणि प्रत्येकीवर शाई वाळू दिली. नकाशांबरोबर माणसंही वाटली जात होती. प्रत्येकाला विचारलं गेलं, कुठे जायचं. ऑफिस कामाचं राहिलंच नाही. जो तो साहेबांच्या दाराशी अर्ज घेऊन उभा. कुणाची म्हातारी आई, कुणाची मुलांची शाळा, कुणाचा नुसताच वशिला. भुजंगरावांनी त्यांचा कागद कोरा परत दिला. "सरकारला जिथे सोयीचं वाटेल तिथे," एवढंच खाली लिहिलं.

सरकारला औरंगाबाद सोयीचं वाटलं. मराठवाड्याचे नकाशे त्यांच्या हातचे होते. मी मात्र हैदराबादेतच राहिलो, कारण माझ्या वडिलांनी, जे जुने वकील होते, परस्पर शब्द टाकून ठेवला होता.

यादी लागली त्या दिवशी भुजंगराव नेहमीसारखे नदीची रेघ काढत बसले. मी विचारलं, "आणि पोरांचं काय?" पेन थांबलं नाही. म्हणाले, "बघू. त्यांचं नशीब." पण रेघ त्या दिवशी वाकडी गेली आणि त्यांनी ती तशीच ठेवली. तेव्हा मला कळलं की माणूस आतून पार कोसळला आहे.

रहीमचाचांना राहवलं नाही. त्यांनी क्लबाच्या सेक्रेटरीसाहेबांच्या कानावर घातलं. सेक्रेटरी भला माणूस होता. म्हणाला, सहा मुलं घेऊन रविवारी या. आमच्या मुलांशी खेळू द्या. खेळ नीट येत असेल तर हा वर्ग क्लब चालवेल, आठवड्यातून दोन सकाळी आमचं एक कोर्ट देऊ. भुजंगरावांच्या तोंडावर इतक्या दिवसांनी रंग आला. महिनाभर त्यांनी पोरांकडून असा सराव करून घेतला की काही विचारू नका. कावेरीवहिनींनी सहा पांढरे सदरे शिवले. ते लक्षम्माने खळ घालून इतके कडक केले की पोरांना हात खाली करता येईनात.

रविवार उजाडला. क्लबाचं कोर्ट, हिरवी जाळी, खुर्च्या, लिंबाचं सरबत. पहिला सामना यादम्माचा, एका अफसराच्या मुलाशी. नाणं उडवायच्या आधी यादम्मा पुढे झाली आणि सेक्रेटरीसाहेबांना अदबीने विचारलं, "साब, खंबे की बाजू कौनसी?"

साहेबांना काही कळेना. "कौनसा खंबा?"

यादम्मा म्हणाली, "खंबेवाली बाजू साब. छोटी बाजू. हर कोर्टमें रैती ना एक."

मागे आमची पाचही पोरं माना डोलवत होती. आधी रहीमचाचा हसले, मग क्लबाची मुलं, मग खुर्च्यांवरच्या बायका. यादम्माने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग चप्पल काढून पावलापुढे पाऊल टाकत जाळीपासून शेवटच्या रेघेपर्यंत गेली, तिकडून दुसऱ्या बाजूला गेली, मोजलं, आणि येऊन भुजंगरावांना म्हणाली, "साब, ये लोगां का कोर्ट गलत बना है. दोनों बाजू सरीके हैं."

आता हसू आवरेना कुणाला. भुजंगराव उठून उभे राहिले. म्हणाले, "कोर्ट इनका सही है, बेटा. गलत मेरा है."

झालं होतं असं. नदीकाठच्या त्या जागेवर रेघा मारायला घेतल्या तेव्हा एका टोकाला, बरोबर शेवटच्या रेघेवर, दगडाचा एक जुना खांब निघाला. धोबी त्याला कपडे वाळत घालायचा दोर बांधत. मंजुरीच्या कागदावर खांब नव्हता. भुजंगराव तो काढायला सांगू शकत होते, हक्क होता. पण सांगितलं नाही. त्या बाजूची रेघ सव्वादोन फूट अलीकडे ओढली आणि गप्प बसले. पोरांनी विचारलं नाही. त्यांनी आपापसात ठरवून टाकलं की टेनिस म्हणजे असंच, एक मोठी बाजू आणि एक खांबाची बाजू. पुढे कोर्टावर येणारं प्रत्येक नवं पोर हेच शिकलं. भुजंगरावांच्या कानावर ते पडलं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत सात वर्षं गेली. केसाएवढ्या चुकीसाठी अख्खा नकाशा फाडणारा माणूस! आणि मी तरी काय, नक्शानवीस म्हणवतो, दर रविवारी तिथे उभा राहायचो. माझ्याही डोळ्यांना दिसलं नाही.

सामने झाले. यादम्मा एका बाजूने राणीसारखी खेळली. दुसऱ्या बाजूला गेली की तिची सर्व्हिस जाळीत. हाताला दोन फूट पुढून मारायची सवय, आणि डोक्यात एकदा गोंधळ शिरला की शिरला. इतरांची तीच गत. सहापैकी एकच सामना जिंकलो. तोही यूसुफमियाँने, कारण तो इतका लहान होता की त्याने कुठूनही मारलं तरी सारखंच. सेक्रेटरीसाहेबांनी सगळ्यांना सरबत पाजलं आणि हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी भुजंगराव औरंगाबादेत असणार होते.

सोमवारी सकाळी मी मुद्दाम नदीकाठी गेलो. वाटलं, त्यांना एकटं सोडू नये. बघतो तर कोर्टावर ही गर्दी. चार धोबी पहारी घेऊन खांबाभोवती खणत होते आणि मधोमध लक्षम्मा कमरेवर हात ठेवून उभी. भुजंगराव तिच्यासमोर टोपी हातात घेऊन.

"सात साल!" लक्षम्मा ओरडत होती. "सात साल से मेरेकू एक बात नै बोले साब तुम? ये खंबा क्या मेरे बाप की मजार है? एक लफ्ज बोले तो उसी दिन निकाल देती थी! दोर क्या, झाड को बांधती थी मैं!"

भुजंगराव पुटपुटले, "आपको तकलीफ..."

"तकलीफ!" ती आणखी चढली. "मेरी बच्ची कल सब लोगां के सामने हँसी का तमाशा बनी, वो तकलीफ नै? नै पूछे तो किसकू आराम हुआ साब? बोलो!"

ते ऐकून मला माझंच काहीतरी आतून टोचायला लागलं.

खांब निघाला. चांगला पुरुषभर लांब दगड. लोकांनी तो ओढत भिंतीच्या कडेला नेऊन टाकला. भुजंगरावांनी खिशातून टेप काढली, सव्वादोन फूट मोजले, आणि स्वतः चुना घेऊन नवी रेघ ओढली. ती सरळ आली. मग यादम्मा त्यांच्याजवळ गेली. तिचा आवाज आईसारखा नव्हता. तिने एवढंच विचारलं, "साब, आप जा रै बोले. नै जाता बोलके आपने किसीकू पूछा क्या?"

भुजंगरावांनी हाताचा चुना झटकला. मग म्हणाले, "नहीं बेटा. पूछा तो नहीं."

त्या दिवशी ते ऑफिसात उशिरा आले. हे आधी कधी झालं नव्हतं. आपल्या जागेवर न बसता माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. कपाळावर घाम. दोनदा खाकरले. शाळेत पाढा विसरलेल्या मुलासारखे दिसत होते.

"वसंतराव," ते म्हणाले, "तुम्हाला एक... म्हणजे तुम्हाला जमत असेल तरच... नाही म्हणालात तरी काही नाही..."

"बोला की."

"माझ्या जागी तुम्ही औरंगाबादेला जाल का?"

पंचेचाळीस वर्षांत त्यांनी कुणाकडे केलेली ही पहिली मागणी. आणि मी काय केलं? मी हसलो. मोठ्याने, खुर्चीवरून पडेपर्यंत. बिचारे लगेच मागे सरले, "राहू द्या, राहू द्या," करत. मी त्यांचा हात धरला आणि खरं काय ते सांगितलं. माझं लग्न जालन्याच्या एका मुलीशी ठरत होतं. ती तिथे शाळेत शिकवत होती आणि नोकरी सोडायला तयार नव्हती. यादी लागल्यापासून मी मनातल्या मनात औरंगाबाद, औरंगाबाद करत होतो. पण वडिलांनी शब्द टाकून मला इथे ठेवलेलं, त्यांना नाही कसं म्हणायचं, म्हणून गप्प होतो. दीड महिना आम्ही दोघं शेजारी शेजारी टेबलांवर बसलो होतो. ह्यांना माझी जागा हवी आणि मला ह्यांची, आणि दोघांच्याही तोंडाला कुलूप. मी वर त्यांच्या गप्प बसण्यावर चिडायचो.

अदलाबदलीचा अर्ज दोन ओळींचा झाला. साहेबांनी वाचला, सही केली, आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "बस? इतना ही था?" भुजंगराव बाहेर आले ते तडक खुर्च्या-टेबलं सांभाळणाऱ्या कोठीवाल्याकडे गेले आणि म्हणाले, "भाई, मेरी कुर्सी का एक पाव छोटा है." संध्याकाळपर्यंत नवी खुर्ची आली. त्यात त्यांना धड बसता येईना. डुगडुगायची सवय झालेली!

वडील चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी जालन्याच्या मंडळींना पत्र लिहायला बसले. मी काचीगुड्याहून निघालो तेव्हा स्टेशनावर भुजंगराव, वहिनी, यादम्मा आणि यूसुफमियाँ आले होते. मला फुटाणे-गुळाचा डबा मिळाला, मोजून भरलेला.

पुढे माझा संसार औरंगाबादेत झाला, चांगला झाला. त्याला कारण एका माणसाने धीर करून विचारलेला एक प्रश्न आहे, हे मी बायकोला दरवर्षी लग्नाच्या वाढदिवसाला सांगतो आणि ती दरवर्षी म्हणते, "तुम्ही स्वतः विचारलं नव्हतं, हे लक्षात ठेवा."

भुजंगरावांना मी शेवटचं पाहिलं ते निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती तेव्हा. बहिणीकडच्या कार्यासाठी हैदराबादला गेलो होतो. आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन जेवूनही आलो. वहिनी थकल्या होत्या, भुजंगरावांच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा जाड चष्मा चढला होता. वर्ग आता यादम्मा चालवत होती. त्याच क्लबाने आठवड्यातून दोन सकाळी कोर्ट दिलं होतं. मी विचारलं, ते कसं काय? तर भुजंगराव म्हणाले, "मी जाऊन मागितलं." असं सांगत होते जणू आयुष्यभर हेच करत आले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच सामान घेऊन रिक्षाने स्टेशनला निघालो. अफझलगंजपाशी आलो आणि राहवेना म्हणून रिक्षा भिंतीकडून घ्यायला लावली. आतून मुलींचा आवाज येत होता, "तीस-सिफर! बराबर!" तो जुना खांब भिंतीलगत आडवा पडलेला, त्याच्यावर काळी टोपी घातलेले भुजंगराव बसले होते. मी उतरून रस्त्यात उभा राहिलो. हाक मारणार, तेवढ्यात एक चेंडू भिंतीवरून आला आणि गडगडत माझ्या पायाशी थांबला.

भुजंगराव उठले नाहीत. भिंतीवरून त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. त्या चष्म्यातून त्यांना मी दिसलो असेन, पण कोण ते कळलं नसणार. त्यांनी हात वर केला आणि चांगल्या खणखणीत आवाजात ओरडले, "ओ भाईसाब! जरा गेंद देना!"

मला हाक मारायची होती, पण त्यांनी मागितलेला चेंडू आधी द्यायला हवा होता. मी वाकून चेंडू उचलला आणि टाकला.

"मेहरबानी!" ते म्हणाले, आणि खेळाकडे वळले.